जखमेची सिक लीव्ह

कुवेतमधल्या शुवैखच्या औद्योगिक वसाहतीत तुम्ही कधी आला असाल तर तो फलक पाहिला असेल. गॅरेजं, सुट्या भागांची दुकानं, गोदामं, वर्कशॉप, आणि जरा बऱ्या कंपनीच्या दारात हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: अपघाताविना अमुक इतके दिवस. मी स्पष्टच सांगतो, मी आतून पाहिलेल्या एकाही ठिकाणी तो आकडा खरा नव्हता. धादांत खोटं, रोज सकाळी पुसून नव्यानं लिहिलेलं!

हा आकडा लिहितो कोण? एचआर आणि सेफ्टीचे साहेब. तो वाढला की बोनस कुणाला? त्यांनाच. आणि एखाद्याचा हात चेमटला तर ती 'कामावरची इजा' आहे की नाही, हे ठरवणार कोण? पुन्हा तेच! परीक्षार्थीच परीक्षक, वर पेपर फोडायची मुभाही त्यालाच.

आता हा उद्योग चालतो कसा ते बघा. चिपळूणकडचा एक मेकॅनिक, गाडीखाली झोपून गिअरबॉक्स उतरवत होता. जॅक सरकला. डाव्या हाताची दोन बोटं. फोरमननं ऑइल पुसायच्या चिंध्या गुंडाळल्या आणि स्वतःच्या गाडीतून त्याला खासगी क्लिनिकमध्ये नेलं. सरकारी दवाखाना मुद्दाम टाळला, कारण तिथं डॉक्टर विचारतात कुठं लागलं, आणि मग पोलिसांत नोंद होते. तिसऱ्या दिवशी एचआरचे साहेब आले. नाशिकचे, म्हणजे आपलेच.

"अरे, पंधरा दिवस पगारी सिक लीव्ह देतो. खोलीवर आराम कर."

"साहेब, पण पोलिस रिपोर्ट?"

"कशाला नसती भानगड? इकामा (राहण्याचा परवाना) रिन्यू करायचाय ना तुझा? आणि ग्लोव्ह्ज घातले होतेस का?"

शेवटचा प्रश्न हे या खात्याचं ब्रह्मास्त्र. माणूस तिथंच गप्प होतो. आणि साहेबांनी कायदा वाचलेला नसतो, किंवा वाचून गिळलेला असतो. कुवेतचा खासगी क्षेत्राचा कामगार कायदा २०१० चा, क्रमांक ६. त्याप्रमाणे भरपाई नाकारायची तर कामगारानं मुद्दाम किंवा घोर गैरवर्तन केलं हे चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व २५ टक्क्यांच्या वर गेलं, तर सुरक्षेच्या सूचना मोडल्या म्हणूनही भरपाई अडवता येत नाही. चौकशीविना नुसता हातमोज्याचा प्रश्न विचारून माणूस घरी पाठवायची सोय या कायद्यात कुठंही नाही.

मग सिक लीव्हचा एवढा पुळका का? हिशेब करा, तुम्हाला लगेच दिसेल. कामावरची इजा असेल तर उपचार चालू असेतो पूर्ण पगार, सहा महिन्यांपर्यंत. त्यानंतर बरा होईपर्यंत निम्मा. साधी आजारपणाची रजा असेल तर वर्षात १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे १० दिवस पाऊण, मग १० दिवस अर्धा, १० दिवस पाव, आणि शेवटचे ३० दिवस बिनपगारी. म्हणजे ७५ दिवस अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या हातात ३० दिवसांचा पगार! उरलेला ४५ दिवसांचा पगार साहेबांच्या एका सहीनं कंपनीच्या खिशात गेला. त्याहून मोठी चोरी पुढेच आहे. इजेची नोंदच नाही म्हटल्यावर बोटं गेल्याची भरपाई मागणार कशाच्या जोरावर? कायद्यानं मालकावर इजेचा विमा उतरवण्याची सक्ती केली आहे. हप्ता भरलेला असतो, पॉलिसी कपाटात असते, आणि दावा होऊ नये म्हणून अख्खं खातं राबत असतं.

आणि या खात्यात शिरायला आपल्याकडे केवढी झुंबड! सेफ्टीच्या नेबॉश परीक्षेचा क्लास, सर्टिफिकेट, पांढरं हेल्मेट, लिंक्डइनवर फोटो. जोखमीचं मूल्यांकन, नियर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची, नोंद, मूळ कारणांचा शोध, सगळं शिकवतात आणि ते चांगलंच आहे. नोकरी लागल्यावर विचारलं जातं एवढंच: लॉस्ट टाइम इंज्युरी, म्हणजे काम बुडवणाऱ्या इजा, किती कमी केल्यात? इजा कमी करायच्या तर जॅक नवे घ्यावे लागतात, लिफ्ट बसवावी लागते, माणसाला बारा तास राबवणं थांबवावं लागतं. नोंदी कमी करायला एक पेन पुरतं. हुशार मुलं पेन उचलतात आणि तीन वर्षांत मॅनेजर होतात.

उन्हाचंही तेच. १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उघड्यावर काम बंद, हा सरकारी नियम. गॅरेजवर पत्रा आहे, म्हणजे ते उघड्यावर नाही, असा या विद्वानांचा निष्कर्ष. भर जुलैच्या दुपारी त्या पत्र्याखाली कूलर लावून का होईना, साहेबांनी स्वतः एक इंजिन उघडून दाखवावं.

पण मला खरी चीड येते ती मंगफच्या आठवणीनं. १२ जून २०२४. पहाटे कामगारांच्या इमारतीत तळमजल्यावर आग लागली, धूर जिन्यानं वर चढला, आणि ४५ भारतीयांसह सुमारे पन्नास माणसं गेली. जवळपास निम्मी केरळची, महाराष्ट्रातलाही एक. त्या एका इमारतीत १९६ कामगार राहत होते. कुठल्या खोलीत किती खाटा हे कंपन्यांमध्ये एचआरच ठरवतं. कुणाला कुठं झोपवायचं याची यादी त्याच टेबलावर बनते. फॅक्टरीत अग्निशामक नळकांड्याची तारीख तपासणारा माणूस कामगारांच्या कॅम्पच्या गच्चीचं दार उघडतं का, हे बघायला जात नाही, कारण कॅम्पमधला मृत्यू त्याच्या फलकावर चढत नाही!

म्हणून माझी मागणी सरळ आहे. इजेची नोंद करायचा अधिकार एचआरकडून काढून घ्या. दवाखान्यानं ती थेट मनुष्यबळ प्राधिकरणाकडे पाठवावी. बोनस फलकावरच्या आकड्याशी जोडणं बंद करा, आणि कॅम्पची तपासणी सेफ्टी ऑफिसरच्या कामात लेखी घाला.

आणि गॅरेजमधल्या भावांनो, तोवर एवढं करा. लागलं की सरकारी दवाखाना. डॉक्टरला सांगा, कामावर लागलं. कागदाचा फोटो त्याच दिवशी गावी पाठवा. ईसीआर (इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या) पासपोर्टवर आला असाल तर प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा तुमच्या नावावर असायला हवा. त्याचा नंबर घरच्यांकडे ठेवा. आणि साहेब सिक लीव्हचा फॉर्म घेऊन आले, तर सही करू नका.