जन्मजात व्यंगांची मोजदाद कोणी करावयाची?

जन्म आणि मृत्यू यांची नोंद आवश्यक ठरविणारा कायदा आपल्या देशात १९६९ पासून आहे. मूल जन्मले की एकवीस दिवसांच्या आत त्याची वर्दी निबंधकाकडे द्यावी लागते. त्यासाठीच्या नमुन्यात आईचे वय, आईवडिलांचे शिक्षण व व्यवसाय, बाळंतपण कोणाच्या हातून झाले, बाळाचे वजन किती भरले, असे कितीतरी तपशील विचारले जातात. बाळाचा ओठ वा टाळू दुभंगलेली आहे काय, पाठीचा कणा उघडा राहिला आहे काय, हे मात्र विचारले जात नाही. परिणामी एखाद्या जिल्ह्यात जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढते आहे की घटते आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर या नोंदवहीतून मिळत नाही. ही उणीव वरवर पाहता कारकुनी वाटते. तिची किंमत मात्र मुलांना मोजावी लागते.

ती किती मोजावी लागते, हे थॅलिडोमाइडच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे औषध झोपेसाठी म्हणून बाजारात आले आणि गरोदरपणातील मळमळीवरही दिले जाऊ लागले. हातापायांची वाढ खुंटलेली मुले जन्मू लागली. पण औषध मागे घेतले गेले ते १९६१ च्या नोव्हेंबरात. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांना त्याची बाधा झाली होती. जर्मनीत डॉ. विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी आपापल्या निरीक्षणावरून धोक्याची सूचना दिली. या देशांत डॉक्टरांची वा प्रयोगशाळांची वाण नव्हती. वाण होती ती एकत्रित मोजदादीची.

एकट्याला न दिसणारे

असे का होते, हे साध्या अंकगणिताने समजते. एखादे व्यंग हजार जन्मांमागे एकदा आढळते असे धरू. वर्षाला तीनशे बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टरला ते सुमारे तीन वर्षांतून एकदा दिसेल. काही कारणाने त्याचे प्रमाण दुप्पट झाले, तर त्याच काळात दोनदा दिसेल. कोणताही समंजस डॉक्टर याला योगायोगच म्हणेल. परंतु वर्षाला पन्नास हजार जन्म होणाऱ्या जिल्ह्यात तोच आकडा पन्नासावरून शंभरावर जाईल आणि तो कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. हे ज्ञान कोणा एका रुग्णालयाच्या मालकीचे असू शकत नाही. त्याचा लाभ सर्वांना मिळतो, म्हणून त्याचा खर्च एकटा कोणी उचलत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे हे नमुनेदार उदाहरण होय. अशी वस्तू शासनानेच पुरवावयाची असते.

इतर देशांनी हा धडा घेतला. अमेरिकेत अटलांटा परिसरात १९६७ साली अशी नोंदवही सुरू झाली. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतील रुग्णालयांतही, स्वेच्छेने काम करणाऱ्या डॉक्टरांच्या बळावर, असे जाळे उभे राहिले. तेव्हा हे केवळ श्रीमंत देशांचे काम आहे, असे मानण्याचे कारण नाही. युरोपातील देश १९७९ मध्ये एकत्र आले. चिलीने २००० साली गव्हाच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले. मज्जारज्जूची व्यंगे त्यानंतर लक्षणीय घटली, हे तेथे सांगता आले. कारण आधीचा आकडा हाती होता.

आपल्याकडे हाच आकडा नसतो. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर एंडोसल्फानची हवाई फवारणी वर्षानुवर्षे चालली. मुलांमधील व्यंगांचा आणि आजारांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा समित्या नेमल्या गेल्या आणि वादही झडले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या कीटकनाशकावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. फवारणीपूर्वीची विश्वासार्ह नोंद असती, तर या कुटुंबांना पुराव्यासाठी इतकी वर्षे झगडावे लागले नसते.

तपासणी आहे, नोंदवही नाही

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. सरकारी प्रसूतिगृहे, आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटी, अंगणवाड्या आणि शाळा यांच्यामार्फत मुलांची तपासणी करून त्यांना उपचारांपर्यंत नेणे हे त्याचे काम, आणि ते मोलाचे आहे. परंतु तपासणी वेगळी आणि गणना वेगळी. खाजगी रुग्णालयात जन्मून चार दिवसांत दगावलेले अर्भक अंगणवाडीपर्यंत पोहोचत नाही. मृत जन्मलेली मुले आणि व्यंगाच्या कारणास्तव केलेले गर्भपात हिशेबात धरले नाहीत, तर उरलेला आकडा दिशाभूलच करील.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे काय? कर्करोगाची नोंदवही मुंबईत १९६० च्या दशकात सुरू झाली, आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या ग्रामीण परिसरात १९८७ साली. खेड्यापाड्यांतून कर्करोगाचे रुग्ण शोधून त्यांची नोंद ठेवणे जेथे जमले, तेथे नवजात बालकांची नोंद अशक्य मानता येणार नाही.

दोन आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावयास हवेत. पहिला गोपनीयतेचा. आजही ओठ दुभंगलेले मूल जन्मले, की ग्रहणात तिने विळी हाती धरली म्हणून आईला बोल लावला जातो. अशा समाजात नाव बाहेर फुटणे म्हणजे त्या बाईच्या छळाला निमित्त देणे होय. म्हणून नावाची माहिती जिल्हा पातळीवर कायद्याच्या संरक्षणाखाली राहावी. वर जावेत ते केवळ आकडे. दुसरा आक्षेप असा, की उपचारांची सोय नसता नोंद करून उपयोग काय? तो रास्त आहे. नोंद होताच त्या मुलाला शस्त्रक्रियेची वा पुनर्वसनाची वाट दाखविली गेली पाहिजे. एरवी ती नोंद म्हणजे कोरडी चौकशी ठरेल.

शासनाने प्रारंभी काही निवडक जिल्ह्यांत, दृष्टीस सहज पडणाऱ्या मोजक्या व्यंगांपासून सुरुवात करावी. खाजगी रुग्णालयांना कळविणे बंधनकारक करावे. मात्र या आकड्यांवरून कोणा रुग्णालयाची वा अधिकाऱ्याची प्रतवारी लावू नये, नाहीतर आकडे लपविण्याकडेच कल राहील. आणि दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करावा. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटते. त्या वेळी पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची कल्पनाही नसते. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या त्याआधी पोहोचतात की नाही, हे अशा अहवालावरूनच ताडता येईल. तसे झाले तर विळीला आणि ग्रहणाला दोष देण्याऐवजी खरे कारण शोधता येईल आणि आईच्या माथी मारलेला दोष उतरविता येईल.