शिरगणतीच्या चौकटीत मराठी

मँचेस्टर नगरी एके काळी सुती कापडाच्या गिरण्यांसाठी जगास ठाऊक होती. आज तिचा लौकिक तेथील नाना भाषांसाठीही आहे. येथील विद्यापीठातील अभ्यासकांनी या शहरात दीडशेहून अधिक भाषा बोलल्या जात असल्याचे नोंदविले आहे. त्या मेळ्यात आपली मराठीही आहे. परंतु तिची मोजदाद कशी होते, याकडे आपल्यापैकी फार थोड्यांचे लक्ष गेले असेल.

इंग्लंडच्या शिरगणतीत मुख्य भाषेविषयीचा प्रश्न प्रथम २०११ साली आला आणि २०२१ साली तो पुन्हा विचारला गेला. तीन वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीची ‘मुख्य भाषा’ नोंदवावयाची. एक तर इंग्रजीच्या चौकटीत खूण करावयाची, नाही तर अन्य भाषेचे नाव लिहावयाचे. उत्तर एकच. अन्य भाषा लिहिणारासच पुढे विचारतात, की इंग्रजी कितपत बोलता येते. भारतातील २०११ च्या शिरगणतीची रीत याहून निराळी होती. तेथे बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा मानून, शिवाय अवगत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदविण्याची सोय होती.

एकाच उत्तराच्या या बंधनामुळे घोटाळा होतो. दिवसभर कचेरीत इंग्रजी आणि सायंकाळी घरी मराठी बोलणाऱ्या गृहस्थाने काय लिहावे? शाळकरी मुलाच्या नावापुढे तर वडील सहजच इंग्रजीवर खूण करतात. ते मूल आजीशी मराठीत बोलते, याची नोंद कोठेच उरत नाही.

मराठी लिहिल्यास आपण इंग्रजीत कच्चे ठरू, अशी शंका कित्येकांना येते. ती निराधार आहे. २०२१ साली इंग्लंड व वेल्समधील शेकडा ८.९ लोकांची मुख्य भाषा इंग्रजी, अथवा वेल्समध्ये इंग्रजी वा वेल्श, नव्हती. त्यांपैकी बहुतेकांना, म्हणजे एकंदर लोकसंख्येतील शेकडा ७.१ लोकांना, ती चांगली किंवा उत्तम बोलता येत होती. मुळीच न येणारे शेकडा ०.३ भरले.

खरी अडचण या उरलेल्या थोड्यांची आहे. उतारवयात मुलांकडे राहावयास आलेल्या आजी-आजोबांत अशी माणसे आढळतात. डॉक्टरांपुढे आपले दुखणे नातवाच्या तोंडून सांगताना त्यांना संकोच वाटतो, आणि नातवास त्यातील निम्मे शब्द ठाऊक नसतात. सरकारी आरोग्यसेवेत दुभाष्या विनामूल्य मिळू शकतो. तो अवश्य मागावा. अशा सोयींची आखणी करताना शिरगणतीतील भाषेच्या नोंदींचाही आधार घेतला जातो, हे ध्यानी ठेवावे.

पुढील शिरगणती २०३१ साली घेण्याचे योजिले आहे. त्या वेळी प्रत्येक कुटुंबाने, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत, विचारपूर्वक उत्तर द्यावे. मात्र कागदावर नाव लिहिल्याने भाषा घरात टिकत नाही. आजीला कोठे व कसे दुखते, हे तिच्याच शब्दांत समजण्याइतकी मराठी नातवंडांना यावी, एवढी तजवीज आजपासून आपणच केली पाहिजे.