उशिरा आलेली दया

फाल्गुनातील एका सकाळी शेतावरील राखणदाराचा फोन आला. "भाभी, एका बदकाची मान सोलून निघालीय. कुत्रं-मांजर काही आलं नाही. आपल्याच बदकांनी केलंय."

त्याचे शेवटचे वाक्य मनाला बोचले. ते का बोचले हे कळण्यासाठी ही बदके आमच्याकडे कशी आली ते सांगावयास हवे. गेल्या पर्युषणात आमच्या यजमानांनी आठवडी बाजारात एका डालग्यात कोंबलेली बदकांची नऊ पिल्ले पाहिली आणि विक्रेत्याने सांगितला तो भाव देऊन ती सारी सोडवून आणली. शेतावर विहिरीच्या कडेला जाळीचे कुंपण घातले, वर पत्रा टाकला, सिमेंटचा एक लहान हौद बांधला आणि राखणदाराला रोजचे दाणापाणी नेमून दिले. जीव सुटले, पुण्याच्या खात्यावर नोंद झाली आणि आम्ही वही मिटली. पुढील सहा महिन्यांत मी शेतावर फार तर चार वेळा गेले असेन.

मी पोहोचले तेव्हा ती मादी कोपऱ्यात जाळीला पाठ लावून बसली होती. डोक्याच्या मागील भागापासून अर्ध्या मानेपर्यंत पिसे उरली नव्हती. मध्ये रुपयाच्या नाण्याहून मोठी जखम उघडी पडली होती आणि एक डोळा सुजून मिटला होता. बाकीची आठ बदके हौदाच्या काठावर नेहमीसारखी पिसे साफ करीत बसली होती.

औषधाच्याही आधी तिला कळपातून बाहेर काढणे आवश्यक होते, कारण रक्ताळलेली त्वचा दिसली की इतर पक्षी पुन्हा पुन्हा तेथेच चोच मारतात. बदकाला मानेने किंवा पायांनी धरून उचलू नये. दोन्ही पंख अंगाशी मिटवून एक हात पोटाखाली द्यावा. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो. म्हणून प्रेमानेसुद्धा त्याला आवळून धरणे धोक्याचे असते. दुकानातील पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने धोतर अंथरून आम्ही तिला घरी आणले आणि मागच्या पडवीत उबदार, अंधुक, गोंगाटापासून दूर अशा जागी ठेवले. घाबरलेल्या पक्ष्याला पहिला तासभर शांतता देणे हाही उपचारच असतो.

त्यानंतर जखम धुतली. उकळून निववलेले पाणी आपल्या घरात असतेच. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, हे प्रमाण दुकानातील काट्यावर तोलून घेतले. सासूबाई हळद-तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या, परंतु पिसांना तेल लागले की ती एकमेकांस चिकटतात आणि पाण्यापासून अंगाचे रक्षण करण्याचा त्यांचा गुण नाहीसा होतो. म्हणून वाटी बाजूला राहिली. मिठाच्या पाण्याने रक्त आणि माती सुटली, तेव्हा जखम खोल नसून त्वचाच फाटली आहे असे दिसले. दुपारी आम्ही तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी जखमेकडे एकदा पाहिले आणि विचारले, "नर किती आहेत?"

आम्हाला उत्तर देता येईना. सहा महिने ज्यांना आम्ही पोसत होतो, त्यांत नर किती आणि माद्या किती हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी खूण सांगितली. मोठ्या झालेल्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वरच्या बाजूस वळलेली असतात. आवाजावरूनही ओळखता येते. मोठ्याने ओरडते ती मादी, नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो. राखणदाराला फोन करून मोजावयास सांगितले. सहा नर आणि तीन माद्या! नर अंडी देत नाहीत, म्हणून विकावयास तेच आधी निघतात. आमच्या डालग्यात त्यांचाच भरणा होता, यात नवल नव्हते.

डॉक्टरांनी मग उलगडा केला. समागमाच्या वेळी नर मादीच्या मानेवरील पिसे चोचीत घट्ट धरतो. चार-पाच माद्यांमागे एक नर असेल तर त्याने काही बिघडत नाही. येथे प्रत्येक मादीमागे दोन नर होते. पिल्ले वयात आली, दिवस मोठे होऊ लागले आणि नरांची चढाओढ सुरू झाली. मोकळ्या तळ्यावर मादी उडून जाते, पोहून जाते, लव्हाळ्यात दडते. आमच्या जाळीत दडावयास जागाच नव्हती. तिघींतील सर्वांत भित्री होती, तिच्या वाट्याला सारे आले.

डॉक्टरांनी जखमेभोवतीची पिसे कापली आणि पोव्हिडोन-आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावण्यास सांगितले. वजन करून, त्या वजनाच्या हिशेबाने पाच दिवसांचे औषध दिले. घरातील माणसांचे मलम किंवा वेदनाशामक गोळी पक्ष्याला देऊ नये, अशी ताकीद दिली. निघताना म्हणाले, "आजच मच्छरदाणी घाला. माशी बसू देऊ नका."

मच्छरदाणी माळ्यावर होती. उद्या काढू, असे मी ठरविले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जखम धुताना मला पिसांच्या मुळाशी बारीक रव्यासारखे पांढरे कण चिकटलेले दिसले. ती माशीची अंडी होती. उष्ण दिवसांत ती एका दिवसाच्या आत फुटतात आणि निघालेल्या अळ्या जिवंत मांस पोखरू लागतात. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, ती पिसे अंड्यांसकट ताबडतोब कापून काढा.

मी कात्री घेतली. शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, "आजी, त्या अंड्यांतही जीव आहे ना?"

मी सासूबाईंकडे पाहिले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी आयुष्यभर पाणी गाळून आणि धान्य निवडून घर चालविले आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बदक वाचवायलाच हवं. पण असा हिशेब मांडायची वेळ आली कशामुळं, ते आधी बघा."

मी पिसे कापली. सासूबाईंनी ती कागदावर घेतली आणि स्वतः चालत जाऊन परसातील खताच्या खड्ड्याच्या सावलीत ठेवून आल्या. तेथे त्या अंड्यांचे काही होणार नाही हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. त्या रात्री प्रतिक्रमणात 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना माझा आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटच्या दोषाची आम्हाला काळजी होती, म्हणून दाणापाणी चोख ठेवले. पहिल्या शब्दाकडे मात्र आमचे लक्ष गेले नव्हते. बंध म्हणजे प्राण्यास अडकवून, जखडून ठेवणे. नेमिनाथांनी लग्नाच्या वाटेवर वाड्यात कोंडलेली जनावरे पाहिली आणि रथ माघारी वळविला, ही कथा आपल्या मुलाबाळांना पाठ असते. आम्हीही कोंडलेले जीव पाहिले, पण त्यांना एका वाड्यातून काढून दुसऱ्या वाड्यात घातले. हेतू शुद्ध होता, यतना नव्हती. वेळेवर झालेली दया कोणाचाच जीव मागत नाही. उशिरा आलेल्या दयेला मात्र कोणता जीव राखावा आणि कोणता सोडावा, याची निवड करावी लागते. माळ्यावरची मच्छरदाणी आदल्या संध्याकाळी काढली असती, तर त्या दुपारी कात्री हाती घ्यावी लागली नसती.

पुढील तीन आठवडे आमची पडवी हेच तिचे रुग्णालय होते. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी, अशी दोनदा जखम उजेडात पाहावयाची. अंथरूण रोज बदलावयाचे. भुसा घालावयाचा नाही, कारण तो जखमेला चिकटतो. पोहणे बंद, कारण हौदाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यात विष्ठा असतेच. परंतु पिण्याचे भांडे मात्र खोल हवे. बदकाला नाकपुड्या आणि डोळे पाण्यात बुडवून धुता आले पाहिजेत, उथळ वाटीने ते साधत नाही. खोल भांडे दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत तिचा सुजलेला डोळा उघडला. भिजवलेला गहू, मटाराचे दाणे आणि बारीक चिरलेली पालेभाजी पाण्यात टाकून दिली. कोंबडीपेक्षा बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते, त्यासाठी मटार चांगला. पाव देऊ नये. पोट भरते, पोषण होत नाही. दर दोन दिवसांनी काट्यावर वजन केले. वजन टिकून आहे, याहून चांगली खूण नाही. हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे आणि त्या कामाचे वस्त्र वेगळे ठेवणे, हा नियम मुलांनाही लावला.

बदकाला एकटेपणा सोसत नाही. चौथ्या दिवसापासून ती खाणे टाकू लागली, तेव्हा दुसरी एक शांत मादी आणून मधल्या जाळीपलीकडे ठेवली. दोघी जाळीला अंग लावून झोपू लागल्या आणि हिने पुन्हा भांड्यात चोच घातली.

नातवाचा राग सर्वांत मोठ्या नरावर होता. "त्याला हाकलून द्या," असे तो रोज म्हणे. एका आप्तांनीही सुचविले की तीन-चार नर कोणाला तरी देऊन टाकावेत. ते कोठे पोहोचले असते, हे सांगावयास नको. शिवाय त्या नराचा दोष तो काय? तो आपल्या स्वभावाप्रमाणे वागला. त्याला तसे वागावयास भाग पाडणारी जागा आम्ही बांधली होती. आम्ही विहिरीच्या पलीकडील पडीक तुकडा कुंपणात घेतला, मध्ये बांबूच्या उंच तट्ट्या उभ्या केल्या आणि दोन्ही बाजूंस वेगळे हौद केले. सहाही नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. माद्या दृष्टीआड झाल्यावर नर आपसांत शांतपणे राहतात, हे डॉक्टरांचे सांगणे आठवडाभरात पटले. खर्च झाला, तो बाजारात मोजलेल्या किमतीच्या कितीतरी पट होता. सोडविलेल्या जिवाची खरी किंमत बाजारात कळत नाही, ती नंतर वर्षानुवर्षे फेडावी लागते.

जखम पूर्ण भरल्यानंतर दोघींना एकत्रच माद्यांच्या बाजूस सोडले. खाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली, म्हणजे एकीने दुसरीची वाट अडवू नये. पहिला दिवस मी तेथेच बसून राहिले. तिसरीने एकदा चोच उगारली, मान हलवली आणि बाजूला झाली. तासाभराने तिघी एका रांगेत हौदात उतरल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, पर्युषण पुन्हा येईल आणि जीव सोडविण्याची इच्छा आपणा सर्वांना होईल. ती अवश्य व्हावी. मात्र डालग्याचा भाव करण्यापूर्वी चार गोष्टींची उत्तरे आपल्याजवळ असावीत. यांत नर किती, माद्या किती? भित्र्या जिवाला पळावयास आणि दडावयास जागा आहे काय? जवळचा पशुवैद्य कोण? आणि घरातील कोणते माणूस रोज स्वतः जाऊन पाहणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नोकर' असे असेल, तर ती रक्कम पक्ष्यांची नीट निगा राखणाऱ्या एखाद्या पांजरपोळास द्यावी. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय कित्येक दशके चालू आहे. ते चालते ते रोज पिंजऱ्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे.

आता वैशाख आहे. तिच्या मानेवर उपटलेल्या जागी नवी पांढरी पिसे आली आहेत. जी अर्धवट तुटली होती, ती पिसे झडण्याच्या ऋतूपर्यंत तशीच राहणार आहेत. मी आता एक दिवसाआड सकाळी शेतावर जाते. मच्छरदाणी माळ्यावर नसते. ती पडवीतील खुंटीला टांगलेली आहे.