सागरी शोभेच्या माशांची पैदास व आपलें कर्तव्य

कोंकणपट्टींतील आमच्या कांहीं सभासदांनीं एक प्रश्न संघापुढें मांडला आहे. शहरांतील हौशी लोक घरांत कांचेच्या मोठ्या टाक्या ठेवतात, त्यांत खारें पाणी भरतात, आंत प्रवाळासारखी रचना करतात आणि रंगीत सागरी मासे सोडतात. या माशांस चांगली किंमत येते, असें ऐकिवांत आहे. तेव्हां खाडीकांठच्या ज्या खाजण जमिनींत भात धड पिकत नाहीं, तेथें या माशांची पैदास करावी काय, व संघानें त्यासाठीं भांडवल द्यावें काय, असा हा प्रश्न आहे.

शेतीच्या मासिकांत हा विषय पाहून घाटावरील आमचे वाचक कदाचित् हंसतील. परंतु पैदास हा शब्दच मुळीं शेतकऱ्याचा आहे. रानांतलें आग्या मोहोळ जाळून मध काढणारा मनुष्य एकदांच मध खातो. पेटींत सातेरी माशी पाळणारा तो दरसाल खातो, आणि शेजाऱ्याच्या बागेसहि त्याचा उपयोग होतो. ओरबाडणें आणि पिकविणें यांतील हा भेद शेतकऱ्यास शिकवावयास नको. समुद्राच्या बाबतींत मात्र तो अद्याप पुरता पाळला जात नाहीं, आणि सारा प्रश्न तेथेंच आहे.

गोड्या पाण्यांतील शोभेच्या माशांपैकीं शेंकडा ९० हून अधिक मासे तळ्यांत व हौदांत पैदा केलेले असतात. समुद्रांतील माशांची स्थिति याच्या अगदीं उलट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, दरसाल सुमारें दोन कोटींपासून दोन कोटी चाळीस लाखांपर्यंत सागरी शोभेचे मासे जगाच्या बाजारांत येतात व ते बहुतेक सर्व समुद्रांतून पकडलेले असतात, असें नमूद आहे. त्यानंतर पैदाशीच्या कामांत पुष्कळ प्रगति झाली असली, तरी बाजारांतील फार मोठा भाग अजूनहि प्रवाळभित्तींवरूनच येतो.

पकडण्याची रीतहि सर्वत्र सारखी नसते. हातजाळ्यानें जपून एकेक मासा धरणारे लोक आहेत. पण फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या दशकांत सायनाइडचें विषारी पाणी प्रवाळांच्या फटींत फवारून मासे गुंगविण्याची रीत सुरू झाली, आणि ती पुढें इंडोनेशियांतहि पसरली. असा गुंगलेला मासा हातीं सांपडतो खरा. परंतु त्यांतील पुष्कळ गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचण्यापूर्वीं किंवा पोंचल्यावर थोड्याच दिवसांत मरतात, आणि ज्या प्रवाळावर तें विष पडतें तो प्रवाळहि मरतो. एका पिकासाठीं विहिरींत विष कालविण्यासारखाच हा प्रकार झाला.

याचा परिणाम काय होतो, हें इंडोनेशियांतील बांगाई बेटांच्या उदाहरणावरून दिसतें. तेथें काळ्या पट्ट्यांचा एक चिमुकला रुपेरी मासा आहे. १९९४ सालीं त्याचा पुन्हां शोध लागला, आणि लागलीच तो व्यापाऱ्यांच्या नजरेंत भरला. अवघ्या तेरा वर्षांत, म्हणजे २००७ सालीं, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघास त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. या माशाचा नर अंडीं आपल्या तोंडांत धरून उबवितो, व पिलें बरींच वाढल्यावर तेथल्या तेथेंच सोडतो. इतर माशांच्या पिलांप्रमाणें तीं प्रवाहाबरोबर दूर वाहत जात नाहींत. म्हणून एका खाडींतले मासे संपले कीं दुसरीकडून तेथें नवे येत नाहींत. पण गंमत अशी कीं, ज्या गुणामुळें हा मासा समुद्रांत लवकर संपतो, त्याच गुणामुळें तो हौदांत सहज वाढतो. अंडीं बाप संभाळतो, आणि पिलें मोठीं असल्यानें पहिल्या दिवसापासून खाऊं लागतात. थायलंडांत त्याची व्यापारी पैदास होऊंहि लागली. हेंच पाऊल आधीं पडलें असतें, तर बांगाईच्या खाड्या इतक्या रित्या झाल्या नसत्या.

आमच्या सभासदांच्या मनांत जो मासा प्रामुख्यानें आहे, तो नारिंगी अंगाचा व पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा होय. समुद्रांत तो समुद्रफुलांच्या दंशकारी पाकळ्यांत निर्भयपणें राहतो. टाकींत मात्र त्याला समुद्रफुलाची गरज लागत नाहीं. अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतीं मार्टिन मो या गृहस्थांनीं १९७२ च्या सुमारास त्याची व्यापारी पैदास साधली. या माशाची प्रकृति चमत्कारिक आहे. सर्व पिलें प्रथम मादी नसतात. जोडींतील मोठा मासा मादी होतो व दुसरा नर राहतो. मादी मेल्यास नराचीच मादी होते. म्हणून जोडी जमविण्यास नर व मादी ओळखण्याची दगदग नाहीं. दोन लहानमोठे मासे एकत्र ठेवून धीर धरला म्हणजे पुरे.

जोडी रुळली कीं ती महिन्यांतून साधारण दोन वेळां खापरीवर किंवा दगडावर शेंकडों अंडीं घालते. नर त्यांस परांनीं वारा घालतो व खराब अंडीं वेंचून काढतो. सुमारें एक आठवड्यानें, दिवेलागणीनंतरच्या काळोखांत, अंडीं फुटतात. येथवरचें काम सोपें आहे; खरी परीक्षा यापुढें आहे. पिलें तीनचार मिलिमीटर लांबीचीं असतात, आणि त्यांस लागणारें खाद्य त्यांहूनहि कितीतरी बारीक व जिवंत असावें लागतें. त्यासाठीं रोटिफर नांवाचे सूक्ष्म जीव वाढवावे लागतात, व त्या जीवांना खावयास सूक्ष्म शेवाळ वाढवावें लागतें. म्हणजे माशाच्या आधीं त्याचा चारा, व चाऱ्याच्या आधीं चाऱ्याचा चारा. ज्यानें गोठा केला आहे, त्याला हें लगेच कळेल. शेवाळाची बरणी एका रात्रींत नासली, तर तिसऱ्या दिवशीं हौदांत एकहि पिलूं उरत नाहीं. दहापंधरा दिवसांत पिलांवर पट्टे उमटूं लागतात. मग तीं आर्टेमियाचीं पिलें व पुढें कोरडें खाद्य घेतात, आणि कांहीं महिन्यांत विक्रीस योग्य होतात.

प्रत्येक मासा इतका सोयीचा नाहीं. हवाई बेटांचा पिवळा टँग मासा हें त्याचें उदाहरण. तो उघड्या समुद्रांत अंडीं सोडतो, व त्याचीं पिलें इतकीं सूक्ष्म असतात कीं रोटिफरहि त्यांना मोठा पडतो. ओआहू बेटावरील ओशनिक इन्स्टिट्यूटनें वर्षानुवर्षे खटपट केली, कोपेपॉड नांवाच्या जिवांचीं पिलें हें योग्य खाद्य शोधून काढलें, तेव्हां कोठें २०१५ सालीं हा मासा प्रथम हौदांत वाढला. यावरून आमच्या लोकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या जातीची पैदास सिद्ध झाली आहे, तीच हातीं घ्यावी. नव्या जातीचे प्रयोग संशोधन संस्थांनीं करावेत. गरीब शेतकऱ्याच्या कर्जावर प्रयोग होऊं नयेत.

आपल्या देशांत या विद्येची वाण नाहीं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें मंडपम् व विळिंजम् येथील केंद्रांत क्लाउन व डॅमसेल या माशांची पैदास साधली आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें लक्षद्वीपांतील अगत्ती बेटावर शोभेच्या झिंग्यांची पैदास करून, पिलें वाढविण्याचें काम तेथील स्त्रियांच्या हातीं दिलें आहे. आपल्या महाराष्ट्रांतहि ऐरोली येथें कांदळवन प्रतिष्ठानानें याच ब्यूरोच्या साहाय्यानें सागरी शोभेच्या माशांचें पैदास केंद्र चालविलें आहे. तेव्हां शिकण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जाण्याचें कारण नाहीं.

आतां या धंद्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. कारण त्यांतील कांहीं वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, पैदाशीमुळें समुद्रावर जगणाऱ्यांची भाकरी जाते. ब्राझील देशांत रिओ नेग्रो नदीकांठीं बार्सेलोस हें गांव आहे. तेथील लोक कार्डिनल टेट्रा हा गोड्या पाण्यांतला लहान मासा जपून पकडीत व त्यावर पोट भरीत. म्हणूनच नदीकांठचें रान राखण्यांत त्यांचा स्वार्थ होता. पुढें हा मासा परदेशीं हौदांत पैदा होऊं लागला आणि त्यांची मागणी घटली. रान राखण्याचें एक कारणच त्यामुळें दुबळें झालें. हा आक्षेप आम्ही खरा मानतों. त्यास आमचें उत्तर एकच आहे, आणि तें आमच्या जमीनदार वाचकांस कदाचित् रुचणार नाहीं. हा धंदा संघानें काढावयाचा असेल, तर त्यांत पहिला हक्क किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांचा असला पाहिजे. जमीन आपली असेल, पण समुद्राचें ज्ञान त्यांचें आहे. त्यांस मजूर म्हणून नव्हे, तर भागीदार म्हणून घ्यावें.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. १९९४-९५ सालीं पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानें आपल्या देशांतील कोळंबीचे तलाव बसविले. ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, पारंपरिक पद्धतीचे सोडून, किनारा नियमन पट्ट्यांतील कोळंबीचे तलाव मोडण्याचा हुकूम दिला. पुढें २००५ सालीं स्वतंत्र कायदा होऊन हा धंदा नोंदणीखालीं आला. २०१२ सालीं तामिळनाडूंत एमू पक्ष्यांच्या योजना कोसळल्या. तेथें पक्षी विकणाराच तो परत घेण्याचें वचन देई, व नव्या सभासदाच्या पैशांतून जुन्याची भर केली जाई. खरें गिऱ्हाईक कोठेंच नव्हतें. शोभेच्या माशांच्या नांवानेंहि उद्यां कोणी असेंच वचन घेऊन आपल्या दारीं येईल. जो इसम पिलें विकतो व तोच परत घेण्याची हमी देतो, त्यास दारांतूनच परत लावावें, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

तिसरी गोष्ट कायद्याची. प्रवाळ हा आपल्या देशांत २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहे. समुद्रघोड्यासहि तेंच संरक्षण आहे. तेव्हां परदेशी पुस्तकें पाहून जिवंत प्रवाळ तोडण्याची किंवा विकण्याची कल्पना कोणी मनांतहि आणूं नये. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तेथील प्रवाळ आपल्या नातवंडांची ठेव आहे. १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या सालीं समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. ज्या घरावर अशी आपत्ति कोसळत आहे, त्याच्या भिंती आपण तरी पोखरूं नयेत. टाकींतली रचना सिमेंटच्या किंवा भाजल्या मातीच्या दगडांची करावी. माशास त्यानें कांहीं उणें पडत नाहीं.

वरील सर्व विचार करून आम्ही संघास पुढील सूचना करतों.

(१) संघानें प्रथम किनाऱ्यावर एकच मातृकेंद्र काढावें. जोड्या, शेवाळ व रोटिफर हें नाजूक काम तेथें शिकलेल्या माणसांनीं करावें, व पट्टे उमटलेलीं पिलें वाढविण्याचें काम घरोघर द्यावें. प्रत्येक शेतकऱ्यानें स्वतंत्र केंद्र काढणें म्हणजे प्रत्येकानें आपला साखर कारखाना काढण्यासारखें आहे.

(२) गिऱ्हाईक आधीं ठरवावें, हौद मागाहून बांधावा. मासा हा भातासारखा कणगींत राहत नाहीं. पिशवींत प्राणवायु भरून पाठविलेला मासा ठराविक वेळांत पोंचला नाहीं, तर माल व नांव दोन्ही बुडतात.

(३) ज्या गांवीं वीज वरचेवर जाते, तेथें पर्यायी यंत्राशिवाय हा धंदा करूं नये. हवेचा पंप कांहीं तास थांबला, तर महिन्यांचें काम मातीस मिळतें.

(४) घाटावरील बंधूंनीं यांत पडूं नये. मीठ विकत आणून खारें पाणी करणें महाग आहे, आणि वापरलेलें तें पाणी काळ्या जमिनींत किंवा विहिरीजवळ सोडणें म्हणजे आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेणें होय. चोपण झालेली जमीन सुधारण्यास किती वर्षें लागतात, हें त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

(५) हौदांतला मासा कोणींहि खाडींत सोडूं नये. त्याबरोबर रोग व परकी जात दोन्ही समुद्रांत जातात. काम सुरू करण्यापूर्वीं मत्स्यखात्याकडे नोंदणीची चौकशी करावी.

या धंद्यानें कोंकणचें दारिद्र्य जाईल, असें आम्ही म्हणत नाहीं. शोभेचा मासा ही श्रीमंताची हौस आहे, आणि हौस फिरावयास वेळ लागत नाहीं. म्हणून भात, नारळ, सुपारी व काजू सोडून कोणी याच्या मागें लागूं नये. परंतु हौस राहणारच असेल, तर ती समुद्र लुटून पुरविली जाण्यापेक्षां हौदांत पिकवून पुरविली जावी, यांत देशाचें व समुद्राचें दोघांचेंहि हित आहे. बियाण्याचा दाणा न खाणें ही शेतकऱ्याची पहिली शिकवण आहे. समुद्रांतील मासा हा त्या समुद्राचें बियाणें होय. तो तेथेंच राहूं द्यावा, आणि आपलें पीक आपल्या हौदांत काढावें. संघाच्या येत्या सभेंत या प्रश्नाचा निकाल लावतांना सभासदांनीं एवढी एक गोष्ट मनांत ठेवावी, इतकीच आमची विनंति आहे.