आधी ‘चटणी’ लिहून पाहा!

वाचकहो, शीर्षक वाचून हा लेख पाककृतीचा आहे असा कुणाचा समज झाला असेल, तर तो आधीच दूर करते. हा लेख टॅबला जोडायच्या कळफलकाविषयी, म्हणजे बाजारात ज्याला ‘कीबोर्ड कव्हर’ म्हणतात त्याविषयी आहे. वार्षिकासारख्या ठिकाणी इतका किरकोळ विषय कशाला, असेही कुणी विचारील. वस्तू किरकोळ आहे हे मलाही मान्य आहे. पण तिच्यापायी आमच्या घरातले साडेआठशे रुपये पाण्यात गेले आणि ते आईच्या भिशीचे होते. ज्या घरात साडेआठशे रुपये पुन्हा जमायला तीन महिने लागतात, त्या घरात हा विषय किरकोळ राहत नाही.

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा मी नववीत जाणार होते. घरात एकच फोन, तो वडिलांचा. वडील डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त हेल्पर. त्यांची कामावर जायची वेळ आणि माझ्या ऑनलाइन वर्गाची वेळ एकच. शेवटी त्यांनी हप्त्यांवर दहा इंची टॅब आणला. त्याच टॅबवर माझी नववी झाली आणि दहावीचा बराचसा अभ्यासही झाला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्या पायरीच्या खाली हा टॅब आहे, असे म्हटले तरी चालेल.

कॉलेजात आल्यावर मात्र अडचण सुरू झाली. प्रकल्प टाईप करून द्यायचा, निबंध टाईप करून द्यायचा. टॅबच्या काचेवर बोटे आपटून चार ओळी लिहिता येतात, चौदा पाने लिहिता येत नाहीत. पडद्यावरचा कळफलक अर्धी काच अडवून बसतो. वर काय लिहिले ते दिसत नाही. त्यात कल्याणला मी टायपिंगचा क्लास लावला होता. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द असावा लागतो. हा वेग काचेवर येत नाही. बोटांना खाली दबणारी कळ लागते. म्हणून कव्हर घ्यायचे ठरले.

पहिल्या खरेदीला मी एकटी गेले. स्टेशनजवळच्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने विचारले, “मॉडेल कोणतं?” मी सांगितले. “रंग कोणता?” मी काळा म्हटले. दोन मिनिटांत व्यवहार आटोपला. बसता कुठे, लिहिता कोणत्या भाषेत, हे दोन प्रश्न त्याने विचारले नाहीत. आणि खरे सांगायचे तर ते मला स्वतःलाही सुचले नाहीत.

घरी आल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला. अक्षरशः उभा राहिला नाही, हीच तक्रार होती! त्या कव्हराला मागे दुमडणारी एक पातळ पट्टी होती. ती टेकवून टॅब उभा करायचा. त्यासाठी सपाट, घट्ट टेबल लागते. आमचे घर कल्याण पूर्वेला चाळीतले, एक खोली आणि स्वयंपाकघर. टेबलाच्या उंचीची एकच जागा, ती म्हणजे ओटा. आणि ओट्यावर सकाळ-संध्याकाळ आईचा हक्क. मी मांडी घालून बसले, कव्हर मांडीवर ठेवले, पट्टी उघडली. टॅब मागे कोसळला. पुन्हा उभा केला, पुन्हा कोसळला. धाकटा भाऊ हसून लोळू लागला. तेव्हा लक्षात आले की ही वस्तू ज्याच्यासाठी घडवली आहे त्याच्या घरी टेबल आहे, हे घडवणाऱ्याने गृहीतच धरलेले आहे.

दुसरी अडचण कळायला आठवडा लागला. मी क्लासमध्ये इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी शिकते. ती ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात आली. तिची रचना आपल्या बाराखडीसारखी सरळ आहे. स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क दाबला की क. शिफ्टबरोबर तीच कळ दाबली की ख. ग-घ, त-थ, द-ध यांचे तसेच. एकदा बोटांना वळण लागले की पाहावे लागत नाही.

पण या मांडणीत काही व्यंजने कळफलकाच्या उजव्या कडेला गेली आहेत. इंग्रजीत जिथे अर्धविराम आहे तिथे आपला च. शेजारी अवतरणचिन्ह आहे तिथे ट, आणि शिफ्टसह ठ. चौकटी कंसाच्या कळेवर ड. पूर्णविरामाशेजारच्या तिरक्या रेघेवर य. आता गणित पाहा. नेहमीच्या कळफलकात एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते आणि एका ओळीत सुमारे पंधरा कळांची रुंदी मावते. म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटिमीटर झाले. दहा इंची टॅबची लांब बाजू असते चोवीस-पंचवीस सेंटिमीटर. मग उरलेले तीन-चार सेंटिमीटर कुठून कापायचे? माझ्या कव्हरात ते उजव्या कडेने कापले होते. अर्धविराम आणि अवतरणचिन्ह यांच्या कळा निम्म्या केल्या होत्या आणि चौकटी कंस एका वेगळ्या कळेच्या जोडीने दाबायचा ठेवला होता.

इंग्रजी लिहिणाराचे यात फारसे बिघडत नाही. अर्धविराम दिवसातून कितीदा लागतो? आपले मात्र व्यंजनच जाते. मी माझा पत्ता लिहायला बसले आणि चकित झाले. ‘ठाणे’ लिहायला ठ हवा, ‘कल्याण’ लिहायला य हवा, ‘डोंबिवली’ लिहायला ड हवा. आणि ही तिन्ही अक्षरे त्याच कडेला! जिथे मी राहते, जिथे वडील कामाला जातात आणि जिथे मी शिकते, त्या तिन्ही गावांची नावे त्या कव्हरावर धडपणे उमटेनात.

मी ते परत द्यायला गेले. “उघडलेला माल परत होत नाही,” असे उत्तर मिळाले. चूक माझीही होती, म्हणून निमूट परत आले. आईने काही बोलणी दिली नाहीत. तिने न बोलणे मला जास्त लागले.

तीन महिन्यांनी भिशीचा पुढचा हप्ता हाती आला तेव्हा आई म्हणाली, “या वेळी मी येते.” माझी आई सातवी शिकलेली. डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात ती पहाटेपासून पोळ्या लाटते. टॅबमधले तिला काय कळणार, असे मला वाटले. आज ते लिहिताना शरम वाटते. दुसऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत कव्हर पुढे ठेवले आणि त्यावर इंग्रजीत ‘हॅलो’ लिहून दाखवले.

आई म्हणाली, “हे कुणीही लिहील. मराठीत लिहून दाखवा.”

“मावशी, मराठी पण होतं त्यात.”

“होतं ना? मग ‘चटणी’ लिहा.”

दुकानदार हसला, पण त्याला ते लिहिता येईना. मग मी माझा टॅब जोडून स्वतः लिहायला घेतले. च ची कळ बारीक, ट ची त्याहून बारीक. आईने ते कव्हर उचलून बाजूला ठेवले. दुसरे आणवले, तेही ठेवले. “पोळपाट घेताना मी तो हलतो का बघते, चित्र बघत नाही,” एवढेच ती म्हणाली. चौथ्या खेपेला ‘चटणी’ न अडखळता उमटली. पण ते कव्हर नव्हतेच. तो वेगळा, जवळजवळ पूर्ण मापाचा बिनतारी कळफलक होता. त्याच्या माथ्यावर एक खाच, तिच्यात टॅब तिरका उभा राहतो. किंमत साडेतेराशे. घरी पाट आहे. पाट समोर घ्यायचा, त्यावर कळफलक ठेवायचा आणि खाली मांडी घालून बसायचे. जुने मुनीम उतरते डेस्क पुढे घेऊन असेच जमिनीवर बसून लिहीत. आपल्याकडे बैठकीवर बसून लिहिण्याची रीत होती. ती मोडली नव्हती, फक्त दुकानात कुणाला आठवत नव्हती.

यावर माझ्या मैत्रिणींनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, इंग्रजी अक्षरांत लिहिले की टॅब आपोआप मराठी करतो, मग मराठी मांडणीचा हट्ट कशाला? त्यांना मी एक उदाहरण देते. के, ए, एल ही तीन अक्षरे लिहा. टॅबने काय समजावे? काल, काळ, कळ की कल? तो आपल्यापुढे पर्याय मांडतो आणि आपण दर शब्दाला थांबून बोट ठेवतो. म्हणजे विचार मराठीत करायचा, तो इंग्रजी अक्षरांत सांगायचा आणि मग आपल्याच शब्दांतून आपला शब्द वेचून घ्यायचा. दोन ओळींच्या निरोपाला हे ठीक आहे. पण चौदा पानांच्या लेखनात माणूस हळूहळू तेच शब्द वापरू लागतो जे यंत्र चटकन ओळखते.

दुसरा आक्षेप असा की, आता नुसते बोलले तरी टॅब लिहितो, मग कळा हव्यातच कशाला? ज्यांना स्वतंत्र खोली आहे त्यांनी अवश्य बोलून लिहावे. आमच्या खोलीत एका कोपऱ्यात टीव्ही, दुसऱ्यात भावाचे पाढे, आणि शेजारच्या काकूंचे बोलणे भिंतीतून येते. तिथे मी काय बोलणार? शिवाय मनातल्या काही गोष्टी घरच्यांसमोर मोठ्याने बोलता येत नाहीत, लिहिता मात्र येतात.

वेगळा कळफलक सर्वांनीच घ्यावा असे माझे म्हणणे नाही. जे ग्रंथालयात टेबलाशी बसतात त्यांना पट्टीचे कव्हर पुरते. ज्यांना मांडीवरच लिहायचे आहे त्यांनी घट्ट बिजागरीचे पाहावे. मात्र त्याचे वजन टॅबसह हातात तोलून घ्यावे, कारण ते रोज पिशवीतून न्यायचे असते. गाडीत बसून टाईप करण्याची चित्रे जाहिरातीत छान दिसतात. सकाळी कल्याणहून ठाण्याला जाताना उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ झाले. आणखी एक: टॅबच्या काचेवर मराठी उमटते म्हणून बाहेरच्या कळफलकावरही उमटेलच असे नाही. बाहेरच्या कळफलकासाठी मराठीची मांडणी सेटिंगमध्ये आहे का, ते पैसे देण्याआधी पाहावे. नसेल तर तशी सोय देणारे ॲप घालून, तिथेच लिहून पाहावे.

आमच्या टायपिंग क्लासच्या कोपऱ्यात एक जुने मराठी टंकयंत्र धूळ खात पडले आहे. इंग्रजी अक्षरांची आजची मांडणी अमेरिकेत १८७४ साली विकायला आलेल्या रेमिंग्टनच्या यंत्रापासून चालत आली. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले. त्या जुन्या लोखंडी यंत्रांच्या कळांवर क, ख, ग कोरलेले असे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही कॉलेजात टाळ्या वाजवल्या. पण मी पाहिलेल्या एकाही कव्हराच्या कळेवर मराठी अक्षर नव्हते. लोखंडावर जे होते ते प्लॅस्टिकवर का नसावे? ते अवघड आहे म्हणून नव्हे, आपण मागत नाही म्हणून, असे मला वाटते. मीही पहिल्या दुकानात मागितले नव्हते. रंग तेवढा सांगितला होता.

तेव्हा कॉलेजला माझी एक लहानशी विनंती आहे. ग्रंथालयात मराठी अक्षरांचा एक तरी कळफलक ठेवावा. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी आधी त्यावर बोटे चालवून पाहावीत, म्हणजे कुणाच्या भिशीचे पैसे वाया जाणार नाहीत. आणि माझ्यासारख्या, टेबल नसलेल्या घरांतून आलेल्या मित्रमैत्रिणींना सांगणे एवढेच की, दुकानात लाजू नका. जमिनीवर बसून बघायचे असेल तर खुशाल खाली बसा. वस्तू आपल्या बैठकीला आणि आपल्या भाषेला जुळते का ते पाहा; जुळत नसेल तर दोष आपल्या घराचा नाही.

हा लेख मी पाटावर टाईप केला आहे. आई शेजारी बसून दोनदा विचारून गेली, “माझं नाव नाही ना टाकलंस?” नाही टाकले. पण शीर्षक तिचे आहे.

— द्वितीय वर्ष कला