एका मिलिमीटरचे अंतर

गेल्या दिवाळीत वहिनींनी माळ्यावरून एक तपकिरी चामडी पेटी काढली आणि आमच्यापुढे ठेवीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्ही तरी एकदा बघा. काच गेली आहे असे चिरंजीवांचे म्हणणे. भंगारवाला दीडशे रुपये देतो म्हणाला आहे." पेटीत आमच्या थोरल्या बंधूंची लेन्स होती. पूर्व जर्मनीत घडलेली, २०० मिलिमीटरची पेंटाकॉन. दादांनी ती १९८२ साली कोणाची तरी वापरलेली विकत घेतली होती, आणि तिच्यापायी स्कूटर दोन वर्षे लांबणीवर पडली होती, हे आमच्या घरात अद्याप कोणी विसरलेले नाही. रविवारी पहाटे दादा सिरपूरच्या तलावावर जात. पेटी आणि पाण्याचा तांब्या वहिनींकडे असे.

आम्ही मराठी शिकविण्यात जन्म घालविलेला मनुष्य. भिंगांचे शास्त्र आमचे नव्हे. परंतु दीडशे रुपये हा आकडा मनाला लागला. या सदराच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी पेटी असेल, म्हणून या चौकशीत जे हाती आले ते येथे मांडीत आहोत.

साध्या रचनेच्या २०० मिलिमीटरच्या भिंगाला दूरचे दृश्य फिल्मवर उमटविण्यासाठी फिल्मपासून सुमारे वीस सेंटिमीटरांवर राहावे लागते. पुढे बहिर्वक्र भिंगांचा गट आणि मागे अंतर्वक्र गट योजला, की तेवढेच काम आखूड नळीत होते. लंडनच्या टी. आर. डालमायर यांनी १८९१ साली या रचनेचे पेटंट घेतले. टेलिफोटो हे नाव मुळात तिचे. दादांची लेन्स पुढच्या काळातली. तिच्यात वीजही नाही आणि मोटरही नाही. अंतर जुळवायचे ते कडे हाताने फिरवून, आणि प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करायचे तेही हातानेच. म्हणूनच तिला जुनेपणाची बाधा कमी. पंधरा वर्षांपूर्वीचा फोन आज निरुपयोगी होतो, कारण त्याला दुसऱ्या यंत्राशी बोलावे लागते. या लेन्सला फक्त प्रकाश वाकवायचा असतो.

मग पुतण्याला ती मेली असे का वाटले? त्याने मधले जोडकडे विकत घेऊन ती आपल्या डीएसएलआरला लावली होती. अंगणातली तुळस मंजिऱ्यांसकट लख्ख दिसली, पण समोरची पाण्याची टाकी काही केल्या धूसरच. वीसेक मीटरांपलीकडचे सारे जग जणू धुक्यात बुडाले होते. त्यावरून त्याने निकाल दिला, आणि आम्हीही प्रथम मान डोलावली.

खरी गोष्ट अशी होती. दादांच्या प्राक्टिका कॅमेऱ्याच्या ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांसाठी बनलेली लेन्स, आपल्या बैठकीपासून फिल्म बरोबर ४५.४६ मिलिमीटरांवर आहे असे धरून बनविलेली असते. पुतण्याच्या कॅमेऱ्यात हेच अंतर ४६.५ मिलिमीटर! लेन्स एक मिलिमीटरहून अधिक पुढे राहिली, वर जोडकड्याची जाडी. जवळची वस्तू टिपताना लेन्स पुढे सरकावीच लागते, म्हणून तुळस साधली. दूरच्यासाठी ती मागे यायला हवी, आणि मागे यायला जागाच नव्हती. जोडकडे विकणाऱ्याने याविषयी अवाक्षर काढले नव्हते. एवढ्याशा अंतरापायी दादांची लेन्स तराजूत जाणार होती.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांनी ही अडचण मिटविली आहे. त्यांत हे अंतर १६, १८ किंवा २० मिलिमीटर असते. पुतण्याच्या मित्राच्या कॅमेऱ्यात ते १८ निघाले, तेव्हा ४५.४६ मधून १८ वजा करा, २७.४६ मिलिमीटर लांबीची पोकळ नळी मध्ये बसवा, झाले. तिच्यात काच नाही, म्हणून ती फारशी महागही नाही. आम्ही गच्चीवर गेलो, कडे शेवटपर्यंत फिरविले आणि टाकीवर रंगविलेली अक्षरे वाचता आली. पुतण्या काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

मात्र काच अगदीच निर्दोष होती असे नाही. लेन्समधून विजेरीचा झोत पाठविला तेव्हा कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. ती बुरशी. चामडी पेटी दिसते राजस, पण ओल धरून ठेवते. आमच्या माळव्यात हे घडते, तर गोव्यातील वाचकांनी आणि बेळगावचा पावसाळा अनुभवणाऱ्यांनी अशी पेटी आजच उघडून पाहावी. एका वृद्ध कारागिराने लेन्स खोलून पुसून दिली. काठावर एक फिकट डाग उरला आहे, तो चित्रात उमटत नाही. आता ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहते.

वापराविषयी थोडेसे. लेन्स जोडलेली आहे हे नव्या कॅमेऱ्याला कळतच नाही, म्हणून लेन्सविना चित्र घेण्याची मुभा त्याला आधी द्यावी लागते. कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरण्याची सोय असेल, तर तेथे २०० हाच आकडा भरावा, ३०० नव्हे. हा घोटाळा आम्हीही केला. चित्रफलक लहान असला की २०० ची लेन्स ३०० सारखी वाटते खरी, पण ती काही मोठी होत नाही. दृश्याच्या कडा तेवढ्या कापल्या जातात. तरीही हात हललेला तितकाच अधिक दिसतो, म्हणून सेकंदाच्या तीनशेव्या भागाहून संथ गती नको. छिद्र पूर्ण उघडले तर उजळ आभाळापुढच्या फांद्यांना जांभळी किनार येते. ८ वर आणले की चित्र सुधारते. सूर्य समोर असेल तर रंग फिके पडतात. आणि या भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये, हे शिक्षकाच्या सवयीने सांगतो.

पेटीच्या तळाशी दादांची वहीही निघाली. प्रत्येक चित्रापुढे फिल्म, छिद्र, गती. स्वच्छ उन्हापुढे बहुतेक ठिकाणी एकच नोंद: १२५ एएसए, ८, ५००. आम्ही तेच आकडे जसेच्या तसे नव्या कॅमेऱ्यावर लावले. उजेड नेमका बसला. ऊन काही बदललेले नाही, आणि ते मोजण्याची रीतही.

उडणारा पक्षी या लेन्सने टिपणे आम्हांस साधले नाही. दादांनाही क्वचितच साधत असे. क्रिकेटसाठी किंवा लग्नासाठी कोणी अशी लेन्स शोधून विकत घेऊ नये, नवी आपोआप जुळणारी लेन्स ते काम अधिक चांगले करते. घरात असेल तर टाकू नये, एवढेच आमचे म्हणणे. स्थिर उभ्या राहणाऱ्या विषयांना ती फार शोभते. पौषात आम्ही वहिनींना घेऊन गंभीर नदीवरच्या यशवंत सागराकडे गेलो. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळे २०२२ साली रामसर यादीत आली, ही इंदूरकरांना अभिमानाची गोष्ट. पण आम्ही गेलो सारसांसाठी. काठच्या शेतात एक जोडी उभी होती. पुतण्याने तासाभरात तीनशे चित्रे घेतली. दादांच्या रोलमध्ये छत्तीस मावत, आणि त्यांतली दोन चांगली निघाली तरी ते आठवडाभर खुशीत असत.

घरी आल्यावर पडद्यावर चित्रे पाहताना वहिनी एकापाशी थांबल्या. मागचे गवत विरघळून मऊ झाले होते आणि दवाचे थेंब गोल गोल चमकत होते. या लेन्सच्या छिद्राला पंधरा पाती आहेत, म्हणून ते गोल दिसतात, असे आम्ही समजावू लागलो. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. हे मला त्यांनी सांगितले होते."

डबा आता पुतण्याच्या कपाटात असतो. रिकामी चामडी पेटी वहिनींनी आपल्याकडे ठेवून घेतली आहे.