गर्भिणीचा शिरःशूल आणि आपले उत्तरदायित्व

गलाई व्यवसायानिमित्त आपल्या खानापूर तालुक्यातील असंख्य कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. तथापि लेक बाळंतपणाला माहेरीच येते. काही वर्षांपूर्वी तमिळनाडूतून सातव्या महिन्यात विट्यास आलेली अशीच एक गर्भिणी माझ्या चिकित्सालयात आली. डोके दुखते, उलट्या होतात, एवढीच तक्रार. मी अम्लपित्त समजून औषध दिले. पाचव्या दिवशी तिची आई सहज बोलून गेली, "डॉक्टर, पोरगी चालताना दाराच्या चौकटीला धडकतीय."

दृष्टी तपासली, तर दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचे दिसत नव्हते. खोदून विचारता कळले की, पाळीच्या तक्रारीमुळे पूर्वी तपासणी होऊन पीयूषिका ग्रंथीत प्रोलॅक्टिनोमा ही सौम्य गाठ आढळली होती. गोळ्यांनी पाळी नियमित होऊन गर्भ राहिला, मग गोळ्या थांबविण्यात आल्या. कागदपत्रे सासरीच राहिली होती. त्याच दिवशी तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. औषध पुन्हा सुरू झाले, दृष्टी सुधारली, पूर्ण दिवसांनी सुखरूप प्रसूती झाली. माझे वाया गेलेले चार दिवस मात्र मला आजही बोचतात.

गर्भावस्थेत पीयूषिका ग्रंथी स्वभावतःच वाढते. 10 मिलिमीटरपेक्षा लहान गाठ सहसा त्रास देत नाही. मोठी गाठ दृष्टिनाडीवर दाब आणू शकते. रक्तातील प्रोलॅक्टिन या काळात वाढलेलेच असते, म्हणून त्याच्या मोजमापाने गाठीचा अंदाज येत नाही. लक्षणे व दृष्टी यांवरच लक्ष ठेवावे लागते. गरज पडल्यास रंगद्रव्याचे इंजेक्शन न देता एमआरआय करता येतो. मेंदूच्या आवरणातील मेनिंजिओमा ही गाठही गर्भावस्थेत वाढू शकते आणि प्रसूतीनंतर तिची लक्षणे पुष्कळदा आपोआप ओसरतात.

येथेच आपल्या प्रामाणिकपणाची कसोटी आहे. अशा वेळी आपला काढा चालू असेल, तर गाठ आपणच विरघळविली असे सांगण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. आकडीची गोळी रुग्णेला परस्पर बंद करावयास सांगू नये. बदल हवा असल्यास तो तज्ज्ञांनीच करावा. अशा गर्भिणीस रसौषधी देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आपले कार्य कोणते? आहार, निद्रा, मलशुद्धी, मनाचे स्वास्थ्य आणि मासानुमासिक परिचर्या यांत आपण तिला मोठा आधार देऊ शकतो. त्याचबरोबर प्रत्येक भेटीत तीन प्रश्न विचारावेत : डोकेदुखी वाढते आहे काय? उलट्या पुन्हा सुरू झाल्या काय? दिसण्यात फरक पडला काय? एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर रक्तदाब तपासून विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.

तेलाने काठोकाठ भरलेले पात्र जपावे तसे गर्भिणीस जपावे, असे चरकाचार्य सांगतात. ते पात्र योग्य वेळी योग्य हाती सोपविणे हीदेखील चिकित्साच होय. वैद्यबंधुभगिनींनी यावर अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.